बेवारसांच्या देहावर उभे वैद्यक

मिरजेत १९६२ साली, कऱ्हाडला १९८४ साली आणि गेल्या काही वर्षांत साताऱ्यातही वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. शरीररचना शिकविण्यास तेथे मृतदेह लागतात. १९४९ च्या कायद्याने बेवारस देह महाविद्यालयांस देण्याची तरतूद केली. म्हणजे जिवंतपणी ज्यांना डॉक्टर परवडला नाही, त्यांच्याच देहावर डॉक्टर घडत आले! हा भार साऱ्या समाजाने वाटून घेणे, हाच देहदानाचा अर्थ.

परंतु संकल्पपत्र भरल्याने काम संपत नाही. मृत्यूनंतर नातलगांची संमती लागते, आणि देह काही तासांतच पोचवावा लागतो. धमनीतून फॉर्मॅलिन भरले की तो टिकतो, पण ताठरतो. विच्छेदनास तो चालतो. शस्त्रक्रियेच्या सरावास मऊ देह हवा. ग्राझच्या वॉल्टर थील यांनी १९९२ मध्ये तशी पद्धत मांडली. ती खर्चिक आहे. तो खर्च शासनाने उचलावा.

फॉर्मॅलिनमधील फॉर्मल्डिहाइड कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये दिला. तेव्हा विच्छेदनगृहातील कामगारांस खेळती हवा व संरक्षक साधने मिळणे ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे.

ज्योती बसूंचा देह २०१० मध्ये, सीताराम येचुरींचा २०२४ मध्ये वैद्यकीय शिक्षणास दिला गेला. सातारा-सांगलीच्या कार्यकर्त्यांनी नुसते गौरवोद्गार काढू नयेत. स्वतःचा संकल्प आजच घरच्यांसमोर बोलून दाखवावा.