फुकट आहे ना, मग झालं!

"ओपन सोर्स आहे ना, मग कुठलाही कोड उचला आणि चिकटवा" असं म्हणणाऱ्यांचा मला जाम वैताग येतो. त्यांना क्रॉसवायरचं 'स्वोर्ड' दाखवावं. बायबल अभ्यासाचं हे इंजिन, सी++ मधलं. लायसन्स जीपीएल, आवृत्ती २. फक्त २! 'किंवा पुढची कोणतीही आवृत्ती' ही सवलत नाही. त्यामुळे २००७ साली आलेल्या जीपीएल ३ खालचा कोड त्याला जोडून वाटता येत नाही. अपाचे २.० चंही तेच. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मते ते जीपीएल ३ ला चालतं, २ ला नाही. म्हणजे दोघेही मुक्त, आणि एकमेकांच्या घरचं पाणी चालत नाही :-) घरी वापरायला कोणी अडवत नाही हो, भानगड दुसऱ्याला देताना होते.

अजून न लिहिलेल्या लायसन्सवर आज सही कशी करायची, असं काहीजण विचारतात. रास्त आहे. पण हक्क एकाच्या हाती नसले तर उद्या पॅच पाठवलेला प्रत्येक माणूस शोधत फिरा!

बरं, कोड सुटला तरी मजकूर? एनआयव्हीची ५०० पेक्षा जास्त वचनं वापरायची तर लेखी परवानगी लागते. स्वोर्डमध्ये म्हणूनच कुलूपबंद मॉड्यूलची सोय आहे. उलट पंडिता रमाबाई १९२२ साली गेल्या. आपल्या कायद्याची ६० वर्षं कशीही मोजा, त्यांच्या मराठी भाषांतरावरचा हक्क कधीच संपलाय. नवा प्रोग्राम लिहिणाऱ्याने असल्या मजकुरापासून सुरुवात करावी, आणि पहिल्याच फाइलच्या डोक्यावर ते चार शब्द टाइप करावेत.