विमान पडते, ट्रान्समीटर हातात राहतो



गेल्या दिवाळीच्या सुट्टीत नातवाने मॉडेल विमानाचा हट्ट धरला. आयुष्यभर बँकेत इतरांच्या कर्जप्रकरणांची छाननी केली. परंतु दुकानात मी केवळ विमानाचे रूप पाहिले, सोबतच्या ट्रान्समीटरकडे लक्षच दिले नाही. तिसऱ्या उड्डाणात संपर्क तुटला. मोटर बंद पडली नाही. विमान पूर्ण वेगाने शेजारच्या शेतात शिरले आणि दावणीला बांधलेल्या वासरापासून दोन हातांवर आदळले. वासरू वाचले, मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

त्यानंतर हा विषय मुळापासून समजून घेतला. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर विमान हे खेळते भांडवल. ते पडते, मोडते, बदलते. ट्रान्समीटर हे स्थिर भांडवल. म्हणून काटकसर करायचीच तर ती विमानात करावी.

विमानास मूलतः चार चॅनेल लागतात : मोटरचा वेग, पंखांवरील एलेरॉन, शेपटीचे एलेव्हेटर आणि रडर. पुढे फ्लॅप्स वगैरे येतात. म्हणून किमान सहा चॅनेलचा संच घ्यावा. अनेक विमानांच्या जुळण्या साठविण्याची स्मृती त्यात असावी. ‘मोड २’ मध्ये वेगाची दांडी डाव्या हाताला असते, ‘मोड १’ मध्ये उजव्या. शिकविणारा ज्या पद्धतीने उडवितो तीच घ्यावी. हाताचे वळण नंतर बदलणे कठीण.

पूर्वी एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन संच सुरू झाले की विमान कोसळे. आजच्या २.४ गिगाहर्ट्झ संचात रिसीव्हर आपल्याच ट्रान्समीटरशी जोडला जातो, त्यामुळे ती भीती उरलेली नाही. मात्र एका कंपनीचा रिसीव्हर दुसरीच्या संचाशी सहसा जुळत नाही. प्रत्येक नव्या विमानास नवा रिसीव्हर लागतो. तेव्हा संचाच्या किमतीबरोबर रिसीव्हरचीही किंमत विचारावी. अनेक प्रोटोकॉल चालविणारे संच या दृष्टीने सोयीचे. पक्के बिल घ्यावे आणि वायरलेस उपकरणास लागणारी शासकीय मान्यता आहे का, हेही विचारावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ‘फेलसेफ’. संपर्क तुटताच मोटर आपोआप बंद करणारी ही व्यवस्था. ती असून भागत नाही, नीट लावावी लागते. प्रोपेलर काढून ठेवावा, मोटर सुरू करावी आणि ट्रान्समीटर बंद करावा. मोटर थांबली तरच विमान मैदानात न्यावे.

साधूंच्या पाच समितींपैकी ईर्यासमिती पाऊल जपून टाकावयास सांगते. आपण श्रावक, आपले यंत्र आकाशात पाऊल टाकत असेल, तर तेवढी यतना आपल्याकडेही असावी. नातू आता प्रत्येक उड्डाणापूर्वी ही चाचणी स्वतः करतो आणि पक्षी घरट्यांकडे परतू लागले की विमान खाली उतरवितो. नवा संच महाग पडला, पण त्या खर्चाची मला खंत नाही.