सुरतेची दोन घरे

मुंबईहून अहमदाबादकडे जाणारी आगगाडी तापीचा पूल ओलांडण्यापूर्वी एका जुन्या नगरीत थांबते. त्या सुरत नगरीचा परिचय आज आम्ही करून देणार आहोत.

सुरतेचे सारे भाग्य तापीच्या पाण्यावर लिहिले गेले. मध्य प्रदेशात मुलताई येथे उगम पावून ही नदी आपल्या खानदेशातून वाहत येते व सुरतेला वळसा घालून खंबातच्या आखातास मिळते. मोठी गलबते नदीमुखाजवळच्या सुवाळी बंदरात नांगर टाकीत. तेथून माल शहरात येई. कापड, नीळ व जरीचे काम परदेशी जाई. मक्केच्या यात्रेकरूंनाही येथूनच जहाज मिळे. 1573 साली अकबराने हे शहर जिंकले व पुढे ते मोगलांचे प्रमुख बंदर ठरले. 1608 साली इंग्रज कप्तान हॉकिन्स येथे उतरला. 1612 साली सुवाळीच्या समुद्रात इंग्रजांनी पोर्तुगीज आरमाराचा पाडाव केला आणि पुढच्याच वर्षी येथे आपली वखार थाटली. डच व फ्रेंच व्यापारीही मागोमाग आले. युरोपात व्हेनिसने जसे समुद्राच्या जोरावर धन जोडले, तसेच सुरतेने पश्चिम भारतात जोडले.

जेथे धन तेथे भय हे ओघानेच आले. शाहिस्तेखानाच्या तीन वर्षांच्या मुक्कामाने स्वराज्याचा मुलूख उजाड झाला होता. ती तूट मोगलांच्याच तिजोरीतून भरून काढावी म्हणून शिवाजी महाराज जानेवारी 1664 मध्ये सुरतेवर चालून आले. सुभेदार इनायतखान शहर वाऱ्यावर सोडून किल्ल्यात दडून बसला. चार दिवस लूट चालली. त्या काळातील अतिधनाढ्य व्यापाऱ्यांत गणला जाणारा वीरजी व्होरा याचा वाडाही सुटला नाही. शहराचा बराच भाग आगीत जळाला. लुटीची झळ केवळ धनिकांनाच लागते असे नाही, हे येथे विसरता कामा नये.

याच धामधुमीतील एक हकिकत फ्रेंच प्रवासी बर्निये याने लिहून ठेवली आहे. तो वैद्य होता व त्या काळी मोगल राज्यातच होता. तो सांगतो की, सुरतेतील कापुचिन धर्मगुरू फादर आंब्रोज यांच्या घरास महाराजांनी धक्का लागू दिला नाही. हे पाद्री सज्जन आहेत, त्यांना कोणी उपद्रव देऊ नये, अशी त्यांची आज्ञा होती. आपल्याकडे ही गोष्ट अभिमानाने सांगतात, व ते योग्यच आहे.

परंतु बर्नियेच्या लेखणीतून उतरलेले पुढचे वाक्य आपण बहुधा सांगावयाचे विसरतो. त्या दिवशी आणखी एक घर वाचले. ते डचांच्या एका हिंदू दलालाचे होते. तो दलाल तेव्हा हयातही नव्हता. पण जिवंतपणी तो फार दानशूर होता असे कळल्यावरून त्याचेही घर सोडून देण्यात आले.

वाचकहो, ही दोन घरे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. एक आपल्या पंथाच्या संन्याशाचे, दुसरे हिंदू व्यापाऱ्याचे. एकाने धनाचा त्याग केला होता, दुसऱ्याने धन मिळवून ते वाटले होते. दोघांच्याही दारावर पहारा होता तो गोरगरिबांच्या मुखी असलेल्या त्यांच्या नावाचाच. केवळ पहिले घर सांगून दुसरे गाळले, तर आपण कथेचे अर्धे सत्य गमावतो. सज्जनपणा कोणा एका समाजाची मिरास नव्हे, हे ओळखण्याचा मोठेपणा त्या राजापाशी होता. तो आपणांपाशीही असावा.

1670 साली महाराज पुन्हा सुरतेवर आले. पुढे 1687 साली इंग्रजांनी आपले मुख्य ठाणे मुंबईस हलविले, तापीचे मुख गाळाने भरत गेले आणि सुरतेचे वैभव मुंबईने घेतले. 1837 साली आग व महापूर यांनी शहराची दुर्दशा केली, 1994 साली प्लेगाने भय पसरविले, 2006 साली तापी पुन्हा घराघरांत शिरली. प्रत्येक वेळी हे शहर उठून उभे राहिले. प्लेगानंतर तर स्वच्छतेबद्दल त्याची ख्याती झाली. आज हिऱ्यांना पैलू पाडणे व कापड विणणे हे तेथील मोठे धंदे असून खानदेशातील हजारो मराठी कुटुंबे लिंबायत, उधना या भागांत पोट भरीत आहेत.

कोणी सुरतेस गेल्यास घारी व उंधियू अवश्य चाखावे. काशीचे मरण आणि सुरतेचे जेवण अशी म्हणच आहे. 1644 सालची मोगलसराई पाहावी. यात्रेकरूंच्या त्या धर्मशाळेत आता महानगरपालिकेची कचेरी आहे. इंग्रज व डच व्यापाऱ्यांच्या घुमटदार कबरीही पाहाव्यात. त्या भव्य आहेत, पण त्यांखाली कोण निजले आहे हे आज फारच थोड्यांस ठाऊक. त्या दानशूर दलालाच्या घराची वीटही आम्हांस दाखविता येणार नाही. तरी साडेतीनशे वर्षांनंतर त्याचा चांगुलपणा आपण आज वाचीत आहोत.