छत उघडं हवं? मग इंजिन कोण निवडतंय ते आधी बघा

ऑक्टोबर २०१० मध्ये आपल्या शहरातल्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एका फटक्यात १५० मर्सिडीज घेतल्या. साधारण ६५ कोटींची ती खरेदी देशभर गाजली. त्यामागचं गणित सोपं होतं: गठ्ठ्याने मागितलं की घासाघीस करायला बळ येतं. कन्व्हर्टिबल, म्हणजे टप उघडणारी गाडी घेताना ते बळ चालत नाही. गेल्या काही महिन्यांत तीन-चार ओळखीच्यांनी मला जवळजवळ एकच प्रश्न विचारला, "इंजिन कुठलं घेऊ आणि ऑप्शन कुठले टाकू?" प्रश्न रास्त आहे, पण त्याचा पहिला अर्धा भाग भारतात जवळपास निकालात निघालेला आहे.

आधी बाजार बघू. जुलै २०२५ मध्ये एमजीची सायबरस्टर आली, ७४.९९ लाखांना. ही पूर्ण इलेक्ट्रिक. डिसेंबर २०२५ मध्ये मिनी कूपर एस कन्व्हर्टिबल आली, ५८.५० लाखांना. मर्सिडीजची सीएलई ३०० कॅब्रिओलेट ऑगस्ट २०२४ मध्ये १.१० कोटींना आणि बीएमडब्ल्यू झेड४ ची प्युअर इम्पल्स आवृत्ती एप्रिल २०२५ मध्ये ९६.९० लाखांना जाहीर झाली. सगळ्या किमती त्या-त्या वेळच्या, एक्स-शोरूम. आता इंजिनं बघा. मिनी: २.० लिटर टर्बो पेट्रोल, २०४ एचपी. सीएलई: २.० लिटर टर्बो पेट्रोल, २५८ एचपी. झेड४: ३.० लिटर सहा सिलिंडर पेट्रोल, ३४० एचपी. प्रत्येक गाडीला एकच इंजिन. डिझेल कुठेच नाही. म्हणजे तुम्ही मॉडेल निवडलं की इंजिन आपोआप ठरलं.

असं का होतं, याचं उदाहरण आपल्या शेंद्र्यातच आहे. ऑडीची ए३ सेडान २०१४ पासून शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवली जायची आणि ती पेट्रोल-डिझेल दोन्हींत मिळायची. त्याच वर्षाच्या शेवटी ए३ कॅब्रिओलेट आली, ४४.७५ लाखांना, पण फक्त पेट्रोलमध्ये. युरोपात हीच गाडी डिझेलमध्येही विकली जात होती. मग इथे का नाही? कारण सेडान इथे तयार होत होती आणि कॅब्रिओलेट पूर्ण तयार होऊन जहाजाने येत होती. एवढ्या थोड्या गाड्या खपणार असतील, तर प्रत्येक जास्तीच्या इंजिनासाठी मंजुरी, सुटे भाग, मेकॅनिकचं प्रशिक्षण हा खर्च कंपनी कशाला करेल? ती एकच, बऱ्यापैकी भरलेली आवृत्ती आणते. शिवाय टप उघडी असताना डिझेलचा खडखडाट थेट कानात येतो, हेही आहेच.

इंजिनाची खरी निवड उरते ती सेकंड हँड बाजारात, आणि तिथे लोक अश्वशक्तीच्या आकड्याला भुलतात. याच ए३ कॅब्रिओलेटचं घ्या. पहिली १.८ लिटर, १८० पीएसची. २०१७ ला नवं रूप आलं तेव्हा इंजिन १.४ लिटर, १५० पीएस झालं. "जुनीच घे, पॉवर जास्त आहे," असा सल्ला हमखास मिळतो. पण दोन्हींचा टॉर्क सारखाच आहे, २५० न्यूटन मीटर. कन्व्हर्टिबलमध्ये हा आकडा जास्त महत्त्वाचा, कारण ही गाडी तिच्या छतवाल्या बहिणीपेक्षा जड असते. स्टीलचं छत हा गाडीच्या सांगाड्याचा भाग असतो. तो काढला की गाडी खड्ड्यात पिळवटू नये म्हणून तळाला, उंबऱ्याला आणि समोरच्या काचेच्या चौकटीला जादा पोलाद घालावं लागतं. वर छताची मोटर, हायड्रॉलिक, उलटल्यावर डोकं वाचवणारे बार. एवढं वजन क्रांती चौकाच्या सिग्नलवरून उचलायचं काम टॉर्क करतो. १८० पीएस तुम्हाला इंजिन ताणल्यावरच दिसणार, आणि टप उघडून तेवढं ताणून कोणी चालवत नाही. मी १.४ च घेईन.

त्याच बाजारात ई२० पेट्रोलचाही विचार करा. आता पंपावर २० टक्के इथेनॉल असलेलंच पेट्रोल मिळतं, आणि एप्रिल २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या त्यासाठी बनलेल्या नव्हत्या. ॲव्हरेज थोडं घटतं, ते सहन होईल. खरी तपासणी रबरी नळ्या, सील आणि इंधन पंपाची करून घ्यायची. कन्व्हर्टिबल ही बहुधा घरातली तिसरी गाडी असते, आठवडेच्या आठवडे उभी राहते, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. टाकीत जुनं पेट्रोल साचवून ठेवणारा मालक असेल तर किलोमीटर कमी दिसले म्हणून खूश होऊ नका.

आता करांकडे येऊ, कारण इंजिन निवडणारा दुसरा हात सरकारचा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर आले. चार मीटरच्या आतली आणि १२०० सीसीपर्यंतचं पेट्रोल किंवा १५०० सीसीपर्यंतचं डिझेल इंजिन असलेली गाडी १८ टक्क्यांत, त्यापुढची ४० टक्क्यांत, इलेक्ट्रिक ५ टक्क्यांत. १२०० सीसीत बसणारी कन्व्हर्टिबल आपल्याकडे विकायलाच नाही, त्यामुळे पेट्रोलवाल्या सगळ्या ४० मध्ये. जीएसटी एक्स-शोरूम किमतीत धरलेलाच असतो, म्हणून तो बोचत नाही. बोचतं ते पासिंग.

महाराष्ट्रात आयात केलेल्या किंवा कंपनीच्या नावावर घेतलेल्या पेट्रोल-डिझेल गाडीला सरसकट २० टक्के मोटार वाहन कर आहे. जुलै २०२५ पासून त्याची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाखांवर गेली. ढोबळ हिशेब करा: मिनीवर ११.७० लाख, झेड४ वर १९.३८ लाख, सीएलईवर २२ लाख. जुन्या मर्यादेत सीएलईचे दोन लाख वाचले असते. सायबरस्टर इलेक्ट्रिक असल्याने राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणानुसार तिला हा कर माफ. (३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर ६ टक्के लावायचा प्रस्ताव त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात होता, तो मागे घेतला गेला.) म्हणजे एक्स-शोरूममध्ये मिनीपेक्षा साडेसोळा लाखांनी महाग दिसणारी सायबरस्टर पासिंग झाल्यावर पाचेक लाखांच्याच अंतरावर येते, आणि झेड४ तर एक कोटी सोळा लाखांवर जाते.

"गाडी फर्मच्या नावावर घेऊ, जीएसटी परत मिळेल," हे चिकलठाणा-वाळूजच्या प्रत्येक गप्पांत ऐकू येतं. मिळत नाही. स्वतःच्या वापराच्या प्रवासी गाडीवर इनपुट क्रेडिट कायद्यानेच अडवलेलं आहे. घसाऱ्याचा फायदा मिळतो, त्याचा हिशेब सीएकडून करून घ्या. इथे बनलेल्या गाडीला मात्र फर्मचं नाव महागात पडतं. १५ लाखांच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर १२ टक्के, कंपनीच्या नावावर २०. सव्वा लाखाच्या आसपास फरक.

मग इलेक्ट्रिकच घ्यावी का? सायबरस्टरचे आकडे तोंडात बोट घालायला लावणारे आहेत: ५१० पीएस, शंभरचा वेग ३.२ सेकंदांत. पण मला रस आहे तो ७७ किलोवॉट-तासाच्या बॅटरीत. भारतीय चाचणीत हिची रेंज ५८० किलोमीटर, युरोपच्या डब्ल्यूएलटीपी चाचणीत ४४३ च्या आसपास. गाडी तीच, चाचणी वेगळी. समृद्धीवर १२० च्या वेगाने जाताना युरोपचा आकडासुद्धा जास्तच धरा, कारण त्या वेगाला बॅटरीचा मोठा वाटा हवा कापण्यातच जातो, आणि टप उघडी असली की हवा आत शिरून भोवरे करते. मुंबईला एका चार्जमध्ये पोचाल, पण घाईगर्दीत नाही. पुण्याला जाऊन त्याच चार्जवर परत, हे डोक्यातून काढा. वेरूळ, म्हैसमाळ, पैठण एवढंच फिरणार असाल तर रेंजचा प्रश्नच उरत नाही. मग अडचण उरते ती बुटकेपणाची. दोन टनांच्या जवळ जाणारी, जमिनीलगतची गाडी आपल्या कॉलन्यांमधल्या हाताने घडवलेल्या गतिरोधकांवरून न्यायची म्हणजे दर वेळी श्वास रोखून धरायचा.

इंजिनाचा विषय संपला की ऑप्शन. इथे मात्र निवड तुमच्या हातात असते, आणि नेमकं इथेच लोक चकचकीत व्हील आणि महागड्या स्पीकरवर पैसे घालतात. टप उघडल्यावर तो स्पीकर ट्रकच्या हॉर्नशी स्पर्धा करणार आहे!

मी सगळ्यात आधी एक आकडा विचारतो: छत किती वेगापर्यंत उघडतं-मिटतं? मिनीचं ताशी ३० पर्यंत, १८ सेकंदांत. सायबरस्टर आणि झेड४ चं ५० पर्यंत, दहा सेकंदांच्या आसपास. सीएलईचं ६० पर्यंत, २० सेकंदांत. माहितीपत्रकात ही बारीक अक्षरातली ओळ असते. मे महिन्यात वळवाचा पाऊस आला की तिचा अर्थ कळतो. जालना रोडवर ३० काय अन् ५० काय, सिग्नलला थांबून टप लावता येते. समृद्धीवर मात्र १२० वरून ३० वर येणं म्हणजे मागच्या ट्रकला आमंत्रण, आणि कडेला विनाकारण थांबणं त्याहून वाईट. इंटरचेंजपर्यंत भिजत जायचं की नाही, हे या आकड्यावर ठरतं.

दुसरं, ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, तेव्हा दुपारी टप उघडायची नसतेच. पण गाडी टप लावून उन्हात उभी असतेच ना? काळं कापड, काळं लेदर हा संगम फोटोत देखणा आणि मांडीला चटका देणारा. सीट फिकट रंगाच्या घ्या. मर्सिडीज आपल्या कॅब्रिओलेटमध्ये ऊन परतवणारा लेप दिलेलं लेदर वापरते, ती चैन नाही, गरज आहे. गार हवेच्या सीट मिळत असतील तर व्हीलचे पैसे तिकडे वळवा. याउलट मानेवर गरम हवा सोडणाऱ्या 'एअरस्कार्फ'ला लोक हसतात, पण डिसेंबरात सकाळी सहाला म्हैसमाळचा घाट चढून बघा.

व्हील जितकं मोठं तितकी टायरची भिंत बुटकी, आणि खड्ड्याचा मार तितका थेट. पर्याय असेल तर लहान व्हील, जाड टायर. स्टेपनी आहे, रन-फ्लॅट टायर आहेत की नुसता पंक्चर किट, हे लेखी घ्या. मिनीची डिकी टप मिटून आत बसली की १६० लिटरच उरते, तिच्यात स्टेपनी शोधू नका.

या सगळ्या किमती वाचून कोणी म्हणेल, आपली थार बरी. बरोबर आहे. २०२० च्या थारमध्ये कापडी छत मिळायचं, २.० पेट्रोल (१५० पीएस) किंवा २.२ डिझेलसह (१३० पीएस), तेही फोर-व्हील ड्राइव्हमध्ये. २०२३ ला आलेल्या स्वस्त १.५ डिझेलवर मात्र फक्त पक्कं छत. पुन्हा तेच, छताने इंजिन ठरवलं. तसली वापरलेली गाडी घेताना आरसी बुकातली आवृत्ती आणि समोरचं छत जुळतं का ते बघा. पक्कं छत कापून किंवा काढून कापडी बसवून देणारे गॅरेजवाले भेटतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने असे फेरबदल अडवले आहेत आणि सुप्रीम कोर्टानेही २०१९ मध्ये तेच अधोरेखित केलं. अपघातानंतर विमा कंपनीला दावा नाकारायला असं कारण आयतं मिळतं.

शेवटचा प्रश्न थांबण्याचा. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी व्यापार करारावर सह्या झाल्या. ब्रिटनहून येणाऱ्या ठरावीक कोट्यातल्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत उतरायचं आहे. मिनी कन्व्हर्टिबल ऑक्सफर्डला बनते. जानेवारी २०२६ मध्ये युरोपीय संघाशीही वाटाघाटी पूर्ण झाल्याचं जाहीर झालं, तिथेही गाड्यांसाठी कोटाच आहे. कोटा कोणाच्या वाट्याला किती येईल आणि वाचलेल्या शुल्कातलं कंपनी गिऱ्हाइकाला किती देईल, ते शोरूमच्या पाटीवर आकडा बदलेल तेव्हाच दिसेल. पण आज पूर्ण शुल्क भरून घेतलेल्या गाडीची पाच वर्षांनंतरची किंमत त्या वेळच्या नव्या गाडीच्या किमतीवरून ठरणार आहे. दहा वर्षं ठेवणार असाल तर आत्ता घ्या. तीन वर्षांत बदलायची सवय असेल तर मी या वर्षी वापरलेली घेईन आणि टेस्ट ड्राइव्ह दुपारी दोनला मागेन, टप लावून, एसी सुरू करून, जालना रोडच्या गर्दीत.