बावन्न पावलांचं मैदान

डिसेंबर 2024मध्ये महिलांची आशियाई हँडबॉल स्पर्धा दिल्लीत झाली. आठ संघांतले उपांत्य फेरी गाठणारे चार पुढच्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेला जाणार होते. जपान, कोरिया, इराण आणि कझाकस्तान गेले, आपण राहिलो. नाक्यावर चहा पिताना एक जुना विद्यार्थी तणतणला, "सर, मांडव आपला आणि जेवून गेले पाहुणे!"

प्रभादेवीच्या एका शाळेत मी एकोणतीस वर्षं पी.टी. शिकवली. त्याला म्हटलं, अरे, यजमान म्हणून आयती जागा मिळते ती जागतिक स्पर्धा भरवणाऱ्याला. 2025 साली ते जर्मनी आणि नेदरलँड्स होते. गतविजेत्या फ्रान्सलाही थेट प्रवेश होता. बाकी जागा खंडांना वाटून दिलेल्या, आणि मागच्या वेळी ज्या खंडाचे संघ वर आले त्याला जादा. म्हणूनच 32 संघांत निम्म्याहून जास्त युरोपचे. त्यात त्या वर्षी पहिल्यांदाच फेरो बेटं होती. लोकवस्ती पन्नास-पंचावन्न हजार. अंगारकीला आपल्या सिद्धिविनायकाच्या दर्शनाला याहून जास्त माणसं येतात.

मला हा नियम अन्यायाचा वाटत नाही. मुली कमी पडतात असंही नाही. मार्च 2022मध्ये अल्माटीला आपल्या ज्युनिअर मुलींनी आशियाई विजेतेपद आणलं होतं. कमी पडते ती फरशी.

हँडबॉलला 40 बाय 20 मीटर लागतात. माझ्या पावलांनी बावन्न बाय सव्वीस. आमच्या शाळेच्या पटांगणात चौतीस पावलांवर मुतारीची भिंत यायची. मी दोरी धरून फक्कीने सहा मीटरची कमान आखायचो, ती दोन्ही बाजूंनी मधल्या रेषेच्या बरीच जवळ यायची. पोरं मात्र कबड्डीतली, रेषेवर त्यांचा पाय चुकून पडत नसे. कमानीबाहेरून उडी मारून, हवेत असतानाच बॉल सोडायचा, हे त्यांना एका दुपारीत जमलं. पण वेगाने पळत जाऊन हल्ला करणं मी त्यांना फळ्यावर शिकवलं. धावायला जागाच नव्हती.

जागा गेली कुठे, हे आमच्या गिरणगावात कुणाला सांगायला नको. 1991च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश हिस्सा मोकळ्या जागेला होता. 2001मध्ये तो फक्त रिकाम्या पडलेल्या तुकड्यांपुरता उरला. आता जे काही पुनर्विकासात येईल त्यात पालिकेने वॉर्डात निदान एक छप्पर असलेलं, पूर्ण मापाचं कोर्ट मागून घ्यावं. जॉगिंग ट्रॅक आणि सेल्फी पॉइंट पुष्कळ झाले.

परवा समोरच्या टॉवरमध्ये एका माजी विद्यार्थ्याकडे गेलो होतो. पोडियमवर गाड्या लागतात तिथे सहज पावलं टाकत निघालो. लांबीला बावन्न भरली. रुंदीच्या एकविसाव्या पावलावर होतो, तेवढ्यात वॉचमन आला.

"काका, कुठली गाडी शोधताय?"