नाव मोठे, म्हणून उस्ताद मोठा?

बीएड करताना आम्ही पहिली गोष्ट शिकलो ती ही, की विषय येणे वेगळे आणि शिकवता येणे वेगळे. खेळाच्या मैदानावर मात्र हे विसरले जाते. अमेरिकेत जॉर्जटाउन विद्यापीठाने २०१७ मध्ये आपलाच माजी विद्यार्थी, बास्केटबॉलचा दिग्गज पॅट्रिक ईविंग याला मुख्य प्रशिक्षक केले. २०२३ मध्ये त्याला काढावे लागले.

आपल्याकडे रमाकांत आचरेकर सर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले, पण सचिन त्यांनी घडवला. उलट चंद्रकांत पंडित कसोटी खेळलेले, आणि त्यांनी विदर्भाला सलग दोनदा रणजी जिंकून दिली. म्हणजे मोठा खेळाडू असणे पुरेसे नाही, पण ते वाईटही नाही.

त्याच विदर्भ संघातले वसीम जाफर म्हणजे बस चालकाचा मुलगा, ३१ कसोटींचा अनुभव. २०२० मध्ये ते उत्तराखंडचे प्रशिक्षक झाले. निवडीत ढवळाढवळ होते म्हणून फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला, तर त्यांच्यावरच धर्माच्या नावाने पक्षपाताचे आरोप झाले. ते त्यांनी जाहीरपणे फेटाळले. अनिल कुंबळे त्यांच्या बाजूने बोलले.

आमचे म्हणणे साधे आहे. नाव बघून नेमू नका आणि नाव बघून संशयही घेऊ नका. नेमलेच, तर कामाची मोकळीक द्या.

परभणीतल्या पालकांनीही बोर्डावरचा फोटो बघून मुलांना ॲकॅडमीत घालू नये. सर रोज मैदानावर असतात का, मुलाची चूक कशी समजावतात, एवढे जाऊन बघा.