क्रूसचे फॅन भरपूर, पास द्यायला मैदान कुठंय?

टोनी क्रूस २०२४ च्या युरोनंतर रिटायर झाला, तरी जेलरोड-बिटकोच्या पोरांच्या स्टेटसवरून तो काही उतरत नाही. रोनाल्डो-मेस्सीचं समजू शकतो. पण हा जर्मन मिडफिल्डर? ना ड्रिब्लिंगचा तमाशा, ना गोल केल्यावर कोलांट्या. ११४ आंतरराष्ट्रीय सामन्यांत गोल फक्त १७. बाकी वेळ हा माणूस मान वर करून बघणार आणि ज्याला हवा त्याच्या पायात बॉल देणार, बस्स. आपल्या नोट प्रेसमधल्या कामगारासारखं काम. नोट सगळ्यांच्या खिशात, छापणारा कुणाला माहीत नाही.

मला ही लोकप्रियता आवडते, खरं सांगतो. २०१४ च्या सेमीफायनलला ब्राझीलला ७-१ ने धुतलं, त्यात याचे सव्वा मिनिटाच्या आत दोन गोल होते. पण पोरं बघतात त्याचे मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला जाणारे पास. म्हणजे त्यांना खेळ कळतो!

आता हीच पोरं संध्याकाळी खेळतात कुठे? टर्फवर, कॉन्ट्री काढून, तासाच्या हिशोबानं. त्या जाळीत क्रूसचा पास मारून दाखवा, चार पावलांत बॉल जाळीला लागतो. आणि ज्याच्याकडे कॉन्ट्रीचे पैसे नाहीत तो बाहेर मोबाईलवर क्रूस बघत बसतो.

क्रूस काही आकाशातून पडला नाही. २००० च्या युरोत जर्मनी पहिल्याच फेरीत बाहेर पडली. लाज वाटली त्यांना. फुटबॉल संघटनेनं देशभर साडेतीनशेहून जास्त प्रशिक्षण केंद्रं उघडली, मोठ्या क्लबांना अकादमी सक्तीची केली. २००७ च्या १७ वर्षांखालील वर्ल्ड कपात क्रूस सर्वोत्तम खेळाडू ठरला.

तोच १७ वर्षांखालचा वर्ल्ड कप २०१७ ला आपल्याकडे झाला. नवी मुंबईतही सामने झाले. कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताच्या संघात होता. भारताचा पहिला गोल जिक्सन सिंगनं मारला, तोही मिडफिल्डरच. कुणाच्या स्टेटसवर आहे तो? त्याच वर्षी १५ सप्टेंबरला राज्यभर 'मिशन वन मिलियन' झालं, शाळांना फुटबॉल वाटले, किक मारतानाचे नेत्यांचे फोटो आले. त्यातल्या किती बॉलमध्ये आज हवा आहे?

नवीन स्टेडियम मागतच नाही, ते टेंडरमध्येच म्हातारं होईल. नाशिक रोडला शाळांची मैदानं आहेत, पण शाळा सुटली की गेटला कुलूप. पालिकेच्या शाळांपासून सुरुवात करा. संध्याकाळी ५ ते ७ गेट उघडं, एक शिपाई, मानधनावर एक कोच. याला किती खर्च येतो हो? एका चौक सुशोभीकरणापेक्षा नक्कीच कमी.

तुमच्या घराजवळचं कुठलं मैदान संध्याकाळी बंद असतं, ते कमेंटमध्ये टाका. यादी घेऊन आपण पालिकेच्या विभागीय कार्यालयात जाऊ. क्रूसच्या फॅन मंडळींनी सोबत यायचं, नुसते लाइक नकोत.